परीस आणि मुद्रिका : कुमारांच्या अद्भुतकथांविषयी काही विचार

हॅरी पॉटरची पुस्तके मुलांच्या हाती पडू लागल्यापासून आपल्या पाळकबंधूंस आणि धर्मशिक्षकांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो : ज्या पुस्तकांत जादू आहे, मंत्र आहेत, चेटूक आहे, ती ख्रिस्ती घरांतील मुलांनी वाचावीत काय? या प्रश्नाचे एक उत्तर तयार असते. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात जादूटोणा, शकुन पाहणे आणि मृतांस प्रश्न करणे यांस स्पष्ट मनाई आहे. सबब ही पुस्तके नकोत. उत्तर सोपे आहे, त्यास शास्त्राधार आहे, आणि आईबापांचे त्याने तात्पुरते समाधानही होते. तथापि हे उत्तर पुस्तक उघडण्यापूर्वीच दिलेले असते. कथेत जादू आहे की नाही हे मुखपृष्ठावरूनही कळते. कथा त्या जादूविषयी काय म्हणते, हे कळण्यास शेवटचे पान गाठावे लागते.

आम्ही हे पलसाण्याहून लिहीत आहोत, आणि ह्या स्थानाचा प्रस्तुत विषयाशी संबंध आहे. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग आणि धुळे-नवापूरकडून सुरतेस येणारा महामार्ग पलसाण्याजवळ एकमेकांस छेदतात. भोवताली उसाचे मळे आहेत, चलथाणचा साखर कारखाना आहे, कडोदऱ्याच्या बाजूस कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या आहेत. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली कुटुंबे येथे आहेत आणि ऊसतोडीसाठी डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून टोळ्या येतात. अशा घरांतील मूल घरी अहिराणी किंवा डांगी बोलते, शाळेत बहुधा गुजराती शिकते, आणि मोबाइलवर हिंदी चित्रपट पाहते. हॅरी पॉटर त्यास प्रथम भेटतो तो हिंदी बोलणारा. अशा मुलास पुढे त्याच कथा मराठी पुस्तकात वाचावयास मिळाल्या तर आपण त्यास काय सांगणार, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

१. आपला वारसा

अद्भुतकथेचे नाव काढताच संकोचणाऱ्या वाचकांस प्रथम एका गोष्टीचे स्मरण देणे अवश्य आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभीच्या ग्रंथांत एक अद्भुतकथा आहे. बन्यनच्या सुप्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले मराठी रूपांतर ‘यात्रिकक्रमण’ १८४१ साली प्रसिद्ध झाले. तीत राक्षस आहे, संशयाचा किल्ला आहे, गर्वाचा बाजार आहे, आणि पाठीवर ओझे घेऊन निघालेला एक भ्याड परंतु प्रामाणिक मनुष्य आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणावयास आरंभ केला तो त्यानंतर वीस वर्षांनी.

पुढे मात्र आपल्या लेखकांनी निराळी वाट धरली. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली निघाली. विधवांच्या दुःखाचे वास्तव चित्र हा तिचा विषय होता, आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा निर्देश सर्वत्र होतो. जे दिसते ते लपवू नये, हा धडा त्या पुस्तकाने घालून दिला व तो मोलाचा होता. परंतु त्याबरोबर अशीही एक समजूत दृढ झाली की सत्य सांगावयाचे तर वास्तवच सांगावे. कल्पिताचा उपयोग फार तर बालकांस झोपविण्यासाठी. पवित्र शास्त्रास ही समजूत मान्य नाही. शास्ते ९ मध्ये योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावरून शखेमाच्या लोकांस जी गोष्ट सांगतो, तीत झाडे बोलतात आणि राजा निवडावयास निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल ही उपयोगी झाडे राज्य नाकारतात. ते पत्करते काटेरी झुडूप. सत्तर भावांस ठार मारून राजा झालेल्या अबीमलेखाविषयी याहून खरे विधान कोणत्या वृत्तान्तात करता आले असते?

योथामाच्या या गोष्टीत आम्हांस पुढील परीक्षणाचे सूत्र सापडते. झाडे बोलतात हा तिचा चमत्कार. परंतु तिचा विषय आहे सत्ता. ती कोणास हवी असते, कोण नाकारतो, आणि जो ती घेतो तो इतरांस सावली देतो की जाळतो? उत्तम अद्भुतकथेचा विषय आजही हाच आहे.

२. परीस

जे. के. रोलिंग यांच्या मालेचे सात भाग १९९७ ते २००७ या दहा वर्षांत इंग्रजीत निघाले. पहिल्या भागाचे बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केलेले भाषांतर ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने मंजुल प्रकाशनाने मराठीत आणले. शीर्षकातील परीस या शब्दाची निवड आम्हांस मार्मिक वाटते. युरोपातील किमयागारांच्या त्या दगडात दोन गुण कल्पिले होते : धातूचे सोने करणे आणि मनुष्यास मृत्यूपासून दूर ठेवणे. मराठीतील परीस पहिले काम करतो. दुसऱ्या कामासाठी आपल्याकडे अमृत आहे. भाषांतरात अशी थोडी घट झाली खरी, पण लाभही झाला. मराठी वाचकाच्या मनात परीस हा संतवाणीतून आलेला शब्द आहे. लोखंडाने परिसाचे काही केलेले नसते, तरी स्पर्श होताच त्याचे सोने होते. आपल्या पूर्वजांनी हा दृष्टान्त कृपेसाठी वापरला आहे.

आता कथेत काय होते ते पाहावे. परीस अशा रीतीने लपविलेला असतो की, तो सापडावा पण वापरू नये असे ज्यास वाटते, त्याच्याच हाती तो यावा. खलनायकाचा हस्तक आरशापुढे उभा राहतो तेव्हा त्यास स्वतः परीस आपल्या धन्यास देताना दिसतो, परंतु तो हाती लागत नाही. अकरा वर्षांच्या मुलाच्या खिशात मात्र तो येऊन पडतो, कारण त्याचा उपयोग करावा ही इच्छा त्या मुलास नसते. शेवटी परीस नष्ट करण्यात येतो, आणि त्याच्या बळावर शतकानुशतके जगलेले वृद्ध दांपत्य मृत्यूचा शांतपणे स्वीकार करते. मुलांच्या पुस्तकात मरणाविषयी इतके गंभीर व निर्भय लेखन आमच्या पाहण्यात क्वचित आले आहे.

शेवटच्या भागात हाच धागा पूर्ण होतो. नायक शस्त्र न उगारता स्वतःहून मृत्यूपुढे उभा राहतो. विजयानंतर जगातील सर्वांत सामर्थ्यवान छडी हाती असूनही तिच्याने आपली जुनी मोडकी छडी तेवढी दुरुस्त करून घेतो, आणि ती छडी ठेवून देतो. त्याच भागात एका गावातील चर्चच्या आवारात दोन थडगी आहेत, व त्यांवर नव्या करारातील दोन वचने कोरलेली आहेत. एक मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील एकविसावे, दुसरे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील सव्विसावे. लेखिकेने ती कोठून घेतली हे कथेत सांगितलेले नाही. ज्या धर्मशिक्षकाने पुस्तक वाचले असेल तोच मुलांस ते सांगू शकेल. ज्याने ते न वाचताच निषिद्ध ठरविले त्यास ही संधी मिळणार नाही.

३. मुद्रिका

टोल्किन यांचा ग्रंथ याहून जुना, १९५४-५५ चा. परंतु मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या भाषांतरामुळे मराठी कुमारांस तो अलीकडेच उपलब्ध झाला आहे. येथेही शीर्षकातील शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. मुद्रिका म्हणताच मराठी वाचकास हनुमंताने सीतेस नेऊन दिलेली रामाची मुद्रिका आठवते, किंवा दुष्यंताने शकुंतलेस दिलेली. दोन्ही ठिकाणी मुद्रिका ही ओळखीची, विश्वासाची खूण आहे. टोल्किन यांची मुद्रिका याच्या अगदी उलट आहे. ती घालणारा इतरांस दिसेनासा होतो, आणि हळूहळू आपली ओळख गमावतो. आपल्या परंपरेतील शब्द परक्या कथेत शिरून असा विपरीत अर्थ धारण करतो, तेव्हा दक्ष वाचकास दोन्ही कथा नव्याने दिसू लागतात.

या ग्रंथाचे सामर्थ्य त्यातील नकारांत आहे. ज्ञानी गँडाल्फ मुद्रिका नाकारतो, कारण तिच्याने चांगले करण्याचा मोह आपणांस होईल हे तो जाणतो. गॅलाड्रिएल राणी ती नाकारते व आपले वैभव ओसरणार हे पत्करते. फॅरामिर नाकारतो. सॅम हा माळी थोडा वेळ ती बाळगतो आणि परत करतो. योथामाची जैतून, अंजीर व द्राक्षवेल ही येथे पुन्हा भेटतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र ज्याने ती मुद्रिका इतक्या दूर वाहून आणली, तो फ्रोडो शेवटच्या क्षणी ती टाकू शकत नाही. मनुष्याचा निश्चय तेथे संपतो. कार्य सिद्धीस जाते ते पूर्वी एका अधम जिवास वारंवार दिलेल्या जीवदानामुळे, म्हणजेच दयेमुळे. टोल्किन श्रद्धावान कॅथलिक होते, आणि मुद्रिका नष्ट होण्याची तिथी त्यांनी २५ मार्च ही योजिली आहे. देवदूताने मरियेस दिलेल्या निरोपाचा सण त्याच दिवशी असतो, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

४. शिमोन आणि डाकीण

आता अनुवादातील मनाईकडे वळू. ती मनाई खरी आहे व आजही लागू आहे. परंतु ती कशाची आहे? प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये एकाच नगरात दोन प्रकारची अद्भुते घडतात. फिलिप्प चिन्हे करतो. शिमोनही आपल्या जादूने शोमरोनी लोकांस थक्क करीत आलेला आहे. दोघांतील भेद शेवटी उघड होतो तो पैशाची थैली पुढे आल्यावर. जे दान आहे ते शिमोन विकत घेऊ पाहतो, म्हणजे मग ते त्यास इतरांवर चालविता येईल. मंत्राने दैवी सामर्थ्य मुठीत धरावे आणि त्याच्या जोरावर शेजाऱ्यावर हुकूमत गाजवावी, ही जी वृत्ती, तिचा पेत्र धिक्कार करतो. या कसोटीवर पाहता वर वर्णिलेल्या दोन्ही कथा शिमोनाच्या बाजूस नाहीत.

याहूनही महत्त्वाचा एक विचार आमच्या या भागात सुचतो. लंडनमधील मुलास चेटकीण ही केवळ गोष्टीत भेटते. डांग, तापी, नंदुरबार या पट्ट्यात डाकीण ही गोष्टीतली बाई नव्हे. गावात मूल दगावले, गुरे मेली, की भगत नाव घेतो, आणि ते नाव बहुधा एकट्या विधवेचे किंवा जमिनीचा तुकडा असलेल्या वृद्धेचे असते. तिला मारहाण होते, गावाबाहेर घालविले जाते, कधी तिचा जीवही जातो. महाराष्ट्रात या प्रकारांविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. त्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. गुजरात विधानसभेने असा कायदा केला तो ऑगस्ट २०२४ मध्ये.

अशा प्रदेशात उपदेशपीठावरून जर असे सांगितले गेले की या पुस्तकांतील मंत्र खरे आहेत, त्यांत दुष्ट शक्ती वास करते, व ते वाचणाऱ्या मुलास बाधा होते, तर ऐकणारा त्यातून काय घेईल? चेटूक खरे आहे, ते दुरून लागते, आणि पाळकसाहेबही तेच म्हणतात, एवढेच तो घेईल. भगताच्या शब्दास आपण नकळत पुष्टी दिली असे होईल, आणि त्याची किंमत ती विधवा भरील. उलट जी कथा आरंभापासूनच स्वतःस कल्पित म्हणून सांगते, ती मुलास एक मोलाचा भेद शिकविते : ही गोष्ट आहे, हे जग नव्हे, परंतु या गोष्टीतील लोभ, भय आणि दया मात्र जगात आहेत. हा भेद ज्या मुलास कळला ते भगताच्या अंगणात सहजासहजी फसणार नाही.

५. उणिवा

याचा अर्थ ही पुस्तके निर्दोष आहेत असा नव्हे. त्यांतील दोष जादूत शोधण्याच्या भरात खरे दोष नजरेतून सुटतात. रोलिंग यांच्या कथेत रक्ताच्या शुद्धतेचा गर्व हे दुर्जनांचे लक्षण आहे. जातीच्या नावाने दूर ठेवलेल्या पूर्वजांची आठवण बाळगणाऱ्या आपल्या मंडळ्यांस हे फार जवळचे वाटेल. पण त्याच कथेत घरकाम करणाऱ्या ठेंगण्या जिवांची एक दास्यबद्ध जमात आहे. डॉबी या एका दासास वस्त्राचा तुकडा मिळाला की तो मुक्त होतो, आणि वाचकास आनंद होतो. इतर सर्वांच्या मुक्तीसाठी हर्मायनी चळवळ उभारते, तेव्हा मात्र लेखिका तिला बव्हंशी विनोदाचा विषय करते. दासांस दास्यच आवडते असे दाखविते.

दक्षिण गुजरातेत राहणाऱ्या वाचकास येथे हसू येत नाही. या मुलखात हाळी पद्धत होती. लग्नासाठी धनकोकडून कर्ज काढावे आणि त्याच्या शेतावर जन्मभर राबावे, हे ज्यांचे नशीब होते त्या हळपती समाजाचे लोक पलसाण्याच्या शेतांवर आजही मजुरी करतात. त्यांच्याविषयीही असेच म्हटले जाई की धन्याच्या आश्रयास ते सुखी आहेत. उचल घेऊन येणारा ऊसतोडीचा मजूर ती फिटेपर्यंत किती स्वतंत्र असतो, हेही आपण जाणतो. एकास सोडवून बाकीच्यांस हसणारी कथा न्यायाच्या बाबतीत अपुरी आहे, आणि ही उणीव आपल्या कुमारांस आपणच दाखवून दिली पाहिजे.

अन्य पुस्तकांविषयी थोडक्यात. स्टेफनी मायर यांच्या २००५ पासून निघालेल्या रक्तपिपासूंच्या प्रेमकथांत नायिकेस अखेर अमरत्व मिळते आणि त्यासाठी तिला फारसे काही गमवावे लागत नाही. परीस नष्ट करणाऱ्या वृद्ध दांपत्याशेजारी ही कथा ठेवली म्हणजे तिचा उथळपणा आपोआप दिसतो, मग तीत रक्त किती सांडले हे मोजावे लागत नाही. सुझन कॉलिन्स यांच्या २००८ च्या कादंबरीत जादू मुळीच नाही. राजधानीच्या करमणुकीसाठी मुलांस एकमेकांशी मरेपर्यंत झुंजविले जाते, आणि एक मुलगी धाकट्या बहिणीऐवजी स्वतः पुढे होते.  वस्तुतः अधिक विचार करावयास लावणारे पुस्तक ते आहे. फिलिप पुलमन यांची १९९५ ते २००० या काळातील त्रयी तर धर्मसंस्थेच्या उघड विरोधात आहे. तीही पाळकांनी वाचावी असे आम्ही सुचवितो. सत्तेची चटक लागलेली धर्मसंस्था कशी दिसते याचे चित्र तीत आहे, व ते चित्र आपणांस कोठे लागू पडते, हा प्रश्न विरोधकाने विचारला म्हणून टाळण्याजोगा नाही.

६. मराठीचे काय?

वर ज्या पुस्तकांची चर्चा केली ती सर्व परभाषेतील आहेत, हे आम्हांस बोचते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे पिढ्यान्पिढ्यांचा सोबती झाला, परंतु तो साहसकथेचा नायक. अद्भुताशी त्याचा संबंध नाही. नारायण धारपांच्या समर्थकथा कुमारांनी चोरून वाचल्या. त्यांत अनिष्टाशी झुंजणारी इष्ट शक्ती आहे, पण ती झुंज प्रायः बळाची बळाशी आहे, आणि बळ सोडून देण्याचा प्रश्न तीत सहसा उद्भवत नाही. जयंत नारळीकरांनी ‘यक्षांची देणगी’सारख्या विज्ञानकथांतून जिज्ञासा जागविली; २०२५ साली त्यांच्या निधनाने तीही परंपरा पोरकी झाली. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या पुस्तकास साहित्य अकादमीचा २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ही आशादायक गोष्ट होय. तरीही बालगीते संपल्यापासून ऐतिहासिक कादंबऱ्या हाती येईपर्यंतची पाचसहा वर्षे मराठी मुलाच्या आयुष्यात बहुतांशी रिकामीच राहतात. पलसाण्यासारख्या ठिकाणी, जेथे मराठी शाळेचाही आधार प्रत्येकास नाही, तेथे त्या वर्षांत मुलगा केवळ पुस्तकास मुकतो असे नाही, तो मराठी वाचणेच सोडतो. मग त्याच्या हाती आपले मराठी पवित्र शास्त्र दिले तरी ते त्यास जड जाते, यात नवल ते काय?

म्हणून धर्मशिक्षकांस आमची विनंती अशी. मुलाच्या हाती असलेले पुस्तक काढून घेण्याऐवजी ते मागून घ्या आणि वाचा. नंतर त्या मुलास तीन प्रश्न विचारा. या कथेत सामर्थ्य कोणाजवळ आहे, आणि ते त्यास कसे मिळाले? त्या सामर्थ्याची किंमत कोण भरतो? ते हाती असताना सोडून देणारा कथेत कोणी आहे काय? ज्या पुस्तकापाशी या प्रश्नांस उत्तरे आहेत ते चांगले; ज्यापाशी नाहीत ते मुलास स्वतःच फिके वाटू लागेल. मंडळीच्या कपाटात दहापाच मराठी कथापुस्तके ठेवावीत, उपासनेनंतर ती मुलांस घरी न्यावयास द्यावीत, आणि परत आणणाऱ्यास हे तीन प्रश्न विचारावेत. याहून मोठी योजना तूर्त आम्ही सुचवीत नाही.